रिंगणातले विष्णुपंत

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींची पालखी पंढरपूरकडे प्रस्थान ठेवते. त्याआधी बेळगाव जिल्ह्यातील अंकली गावाहून शितोळे सरकारांचे दोन अश्व मजल-दरमजल करीत आळंदीत दाखल झालेले असतात. एकावर ध्वज घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणीही बसत नाही, तो माउलींचा. पुढे वाटेत, मोकळा माळ पाहून वारकरी गोल करून उभे राहतात आणि हे दोन अश्व त्या वर्तुळातून वाऱ्यासारखे धावतात. अश्व निघून गेल्यावर त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी झुंबड उडते. या सोहळ्याला तंबू नाही, तिकीट नाही. वर्तुळ, घोडा आणि भोवती उभी माणसे, एवढ्यावर तो शतकाहून अधिक काळ उभा आहे.

अंकलीपासून फार दूर नाही, कृष्णेच्याच खोऱ्यात, कुरुंदवाड हे पटवर्धनांचे एक लहानसे संस्थान होते. त्याच्या आश्रयाने १८८० साली आणखी एक वर्तुळ आखले गेले. त्यातही घोडाच धावत होता, परंतु देवासाठी नव्हे, तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांसाठी. ते वर्तुळ आखणाऱ्या विष्णुपंत मोरेश्वर छत्रे यांना भारतीय सर्कशीचे जनक म्हटले जाते. ही पदवी बरोबर आहे, पण ती त्यांच्यावर थोडा अन्याय करते. सर्कस हे विष्णुपंतांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम होते. सर्वांत मोठे प्रेम मात्र निराळे होते.

आज त्यांची आठवण काढण्याचे कारण थोडे आडवळणाचे आहे. पिंपरी-चिंचवड, चाकण, आळंदी या पट्ट्यातील तरुण सुट्टीच्या दिवशी खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जातात. २०१३ साली सुरू झालेल्या या उद्यानाविषयी त्यांच्यात रंगणारे वाद ऐकण्यासारखे असतात. कोणता झोका पोटात खड्डा पाडतो, नवीन काय आले, ‘मिस्टर इंडिया’ या १९८७ च्या चित्रपटावर बेतलेली सफर मूळ चित्रपटाला साजेशी आहे की नाही, रांगेत किती वेळ गेला, पैसे वसूल झाले का. परदेशी हेच वाद अधिक हिरिरीने चालतात. डिस्ने कंपनीने फ्लोरिडातील उद्यानात ‘स्प्लॅश माउंटन’ ही जुनी जलसफर २०२३ मध्ये बंद केली आणि २०२४ मध्ये तिच्या जागी टियाना या चित्रपटातील राजकन्येची सफर आणली, तेव्हा जुन्या-नव्याचे दोन तटच पडले. रांग टाळण्यासाठी वेळ आधी ठरवून देणारी ‘फास्टपास’ पद्धत त्याच कंपनीने १९९९ मध्ये विनामूल्य सुरू केली होती. २०२१ मध्ये मोबाइलवरील तशाच सोयीला स्वतंत्र पैसे पडू लागले, आणि चाहत्यांचा संताप झाला. हे सारे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अपत्य आहे, असे आपण समजतो. वास्तविक लोकांना पैसे देऊन आश्चर्यचकित व्हायला आणि मग त्या आश्चर्याची चिकित्सा करायला महाराष्ट्रात ज्यांनी शिकवले, त्यांत विष्णुपंतांचे नाव फार वरचे आहे.

विष्णुपंतांचा जन्म १८४० च्या सुमारास, आजच्या सांगली जिल्ह्यातील अंकलखोप येथे झाला. हा सगळा मुलूख पटवर्धन आणि इतर लहान-मोठ्या संस्थानिकांचा. पेशवाई बुडून दोन दशके उलटली होती. तलवारीला काम उरले नव्हते, पण दारी घोडा बाळगण्याची हौस उरली होती. मुलाने चार अक्षरे शिकावीत आणि एखाद्या कचेरीत चिकटावे, ही त्या काळच्या ब्राह्मण घरांतली सर्वसाधारण अपेक्षा. विष्णुपंतांचे मन तिथे रमले नाही. त्यांना दोनच गोष्टींचे वेड होते, घोडा आणि गाणे. दोन्ही गोष्टी घरच्या वडीलधाऱ्यांना सारख्याच निरुपयोगी वाटाव्यात अशा होत्या.

या दोन्हींसाठी त्या वेळी एकच पत्ता होता, ग्वाल्हेर. शिंद्यांच्या दरबारात मराठी सरदार होते, मराठी पागा होत्या आणि ख्यालगायकीचे थोर घराणे होते. महाराष्ट्राच्या इतिहासात ग्वाल्हेरचे हे ऋण पुरेसे मोजले गेलेले नाही. आळंदीच्या पालखी सोहळ्याला १८३२ पासून आजचे शिस्तबद्ध रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्याच पदरी होते. आळंदीच्या मंदिराच्या महाद्वारातील त्यांच्या नावाच्या पायरीची पूजा आजही होते. अश्व पाठवणारे अंकलीचे शितोळे हेही शिंद्यांचे सोयरे. दिंड्यांचा क्रम, मुक्काम, अश्व, रिंगण यांत सैन्याच्या कूचाची जी छाया दिसते ती तिथून आलेली. आणि ज्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांमुळे महाराष्ट्रात ख्याल रुजला, तेही गाण्यासाठी वणवण करीत ग्वाल्हेरच्याच परंपरेपाशी पोचले.

तरुण विष्णुपंत त्याच वाटेने गेले. तिथे त्यांनी बाबासाहेब आपटे यांच्याकडे अश्वविद्या शिकली आणि हद्दू खाँ यांच्याकडे गाणे. दोन्ही गुरू आपापल्या विद्येत अव्वल. हद्दू खाँ आणि त्यांचे बंधू हस्सू खाँ यांच्याविषयी एक आख्यायिका गायकांच्या बैठकीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. बडे महंमद खाँ यांची तानेची गायकी या भावांनी म्हणे पडद्याआड बसून ऐकली आणि ऐकून ऐकून आत्मसात केली. तिच्यात तथ्य किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. विद्या कोणी हातात ठेवत नसेल, तर डोळे आणि कान उघडे ठेवून ती मिळवायची, ही त्या घराण्याची रीत होती. विष्णुपंतांच्या पुढील आयुष्यावर या रीतीची सावली पडलेली दिसते.

घोडा शिकवणे म्हणजे घोड्यावर बसणे नव्हे. तरबेज स्वार गावोगाव असतात. घोड्याच्या मनात शिरणारा शिक्षक विरळा. चाल, दुडकी, भरधाव यांतला प्रत्येक बदल लगामाच्या झटक्याने नव्हे, तर मांडीच्या दाबाने आणि आवाजाने घडवायचा असतो. भय दाखवून शिकवलेला घोडा एकदा चुकला की चुकतच जातो. गाण्यात लय सांभाळण्यासाठी जो संयम लागतो तोच इथे लागतो, आणि एकाच माणसाला या दोन्ही गोष्टी साधल्या यात मला तरी नवल वाटत नाही.

देशी परतल्यावर विष्णुपंतांनी संस्थानिकांच्या पदरी घोडे शिकवण्याचे काम धरले आणि शिकवलेल्या घोड्यांचे खेळही केले. कुरुंदवाडच्या पटवर्धनांचा त्यांच्यावर विशेष लोभ होता. आयुष्य असेच, एका संस्थानाच्या पागेत आणि संध्याकाळच्या मैफलीत, मानाने सरले असते. परंतु १८७९ च्या सुमारास मुंबईत एक इटालियन आला.

ज्युसेप्पे क्यारिनी हा जातिवंत सर्कसवाला. मेक्सिको, कॅलिफोर्निया असा त्याचा संचार झालेला होता, आणि पुढे १८८६ मध्ये जपानलाही त्याने पाश्चात्त्य सर्कस दाखवली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यापासून युरोपातील कंपन्यांना मुंबई जवळ आली होती. क्यारिनीची ‘रॉयल इटालियन सर्कस’ पाहायला कुरुंदवाडचे संस्थानिक गेले आणि त्यांच्याबरोबर विष्णुपंतही.

पुढची हकीकत अनेकांनी अनेक प्रकारे सांगितली आहे. खेळ संपल्यावर बोलण्याच्या ओघात क्यारिनीने हिंदुस्थानात सर्कस निर्माण होण्याची शक्यता हसण्यावारी नेली, त्यावर पैज लागली, रुपये आणि घोडा पणाला लागला, ठरलेल्या मुदतीत विष्णुपंतांनी आपली सर्कस उभी केली, असा तिचा गाभा. रकमेचा आणि मुदतीचा तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो. अपमानातून जन्मलेल्या पराक्रमाच्या कथा पारतंत्र्यातील समाजाला हव्याच असतात, त्यामुळे या कथेवर बरीच पुटे चढली असावीत. पैज लागली असो वा नसो, विष्णुपंतांच्या डोळ्यांनी त्या तंबूत जे टिपले ते अधिक महत्त्वाचे आहे.

त्यांनी काय पाहिले असेल? घोडे त्यांना नवे नव्हते. उभ्याने घोडेस्वारी नवी नव्हती. शारीरिक कसरती तर मुळीच नव्या नव्हत्या. उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले होते आणि गावोगावच्या तालमींत तो रुजला होता. डोंबारी आणि कोल्हाटी शतकानुशतके दोरावर चालत होते, बांबूवर तोल सांभाळत होते, कोलांटउड्या मारत होते. अस्वलवाले, माकडवाले, गारुडी गल्लोगल्ली होते. नव्हती ती एकच गोष्ट, या सर्वांची मांडणी. कोणता खेळ आधी, कोणता नंतर, दोन खेळांच्या मध्ये प्रेक्षकाला हसवायला विदूषक कधी सोडायचा, त्याची छाती केव्हा धडधडली पाहिजे आणि केव्हा त्याला सैल सोडायचे, हे शास्त्र त्या इटालियनापाशी होते.

आणि दुसरे होते ते वर्तुळ. लंडनमध्ये १७६८ साली फिलिप ॲस्टली या निवृत्त घोडेस्वाराने गोल रिंगणात खेळ करायला सुरुवात केली आणि त्यातून आधुनिक सर्कस जन्मली. रिंगणाचा व्यास ४२ फूट, म्हणजे सुमारे १३ मीटर, हा पुढे जगभर रूढ झाला. तो सौंदर्यासाठी नाही. या मापाच्या वर्तुळात घोडा एका ठराविक वेगाने धावू लागला की त्याचे अंग आत कलते, पाठीवर उभा असलेला स्वारही आत झुकतो, आणि बाहेर फेकू पाहणारा जोर त्याला पडू न देता सावरून धरतो. शिवाय गोलात बसलेल्या प्रत्येकाला सारखेच दिसते, आणि मधोमध उभ्या असलेल्या शिक्षकाचा आवाज घोड्याला सर्व बाजूंनी सारख्याच अंतरावरून येतो. आयुष्य घोड्यांत काढलेल्या माणसाला याचे मर्म पहिल्या चार फेऱ्यांत कळले असणार.

२० मार्च १८८० हा विष्णुपंतांच्या सर्कशीचा, पर्यायाने भारतीय सर्कशीचा जन्मदिवस मानला जातो. नाव ठेवले ‘ग्रेट इंडियन सर्कस’. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा प्रयोग झाला आणि संगीत रंगभूमीचे युग सुरू झाले. म्हणजे मराठी माणसाच्या करमणुकीची दोन मोठी दालने एकाच वर्षी उघडली. संगीत नाटकावर ग्रंथांच्या राशी आहेत. सर्कशीच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडी पाने आली. नाटकाची संहिता मागे उरते, सर्कशीचा तंबू उठला की जमिनीवर फक्त भुशाचे एक वर्तुळ उरते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक टोचणारे आहे. सर्कशीतल्या विद्येचे मूळ धनी डोंबारी, कोल्हाटी, मोतद्दार, महावत हे होते, आणि लिहिणाऱ्यांच्या जगात त्यांना जागा नव्हती.

विष्णुपंतांच्या कार्याचे माप इथेच घेतले पाहिजे. थाळी फिरवून मिळतील ते पैसे गोळा करणारी कला त्यांनी तिकीट लावून तंबूत आणली. दोरावर चालणारी मुलगी रस्त्यावर असताना तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करणारा पांढरपेशा, तीच कसरत तंबूत होऊ लागल्यावर कुटुंबासह खुर्चीवर येऊन बसला. एका छत्र्यांनी ही कंपनी काढली म्हणून तिला प्रतिष्ठा मिळाली, हे उघड आहे. ही प्रतिष्ठा ज्यांची मूळ विद्या, त्यांच्यापर्यंत कितपत झिरपली, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही. परंतु कसरतीला दाम असतो, तो आधी ठरतो आणि तो रोख द्यावा लागतो, हे महाराष्ट्रातील प्रेक्षकाच्या अंगवळणी पाडणाऱ्यांत विष्णुपंत पहिले. हाच विचार थोड्या वेगळ्या क्षेत्रात पुढे एका कुरुंदवाडकरानेच नेला. १८७२ साली कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी गाण्याची मैफल दरबारातून काढून तिकिटाच्या सभागृहात आणली. दोघांचेही नाव विष्णु, गाव एक आणि गायकीची परंपराही एकच असावी, हा योगायोग मनोज्ञ आहे.

सर्कस म्हणजे चालते गाव. १८६३ मध्ये खंडाळ्याच्या घाटातून रेल्वे गेली होती आणि पुढील दोन दशकांत लोहमार्गांचे जाळे देशभर पसरत होते. या रुळांवरूनच छत्र्यांची सर्कस उत्तर हिंदुस्थानात, दक्षिणेत आणि समुद्र ओलांडून बाहेरही गेली. तंबू, खांब, दोरखंड, जनावरे, त्यांचा चारा आणि मांस, माणसे, त्यांची मुले, स्वयंपाकाची भांडी. हे सगळे एका गावी उतरवायचे, उभे करायचे, काही दिवसांनी मोडायचे आणि पुन्हा गाडीत भरायचे. यातला एकही दिवस जनावरे उपाशी ठेवता येत नाहीत. पावसाने चार खेळ बुडाले तर माणसांचा पगार थकवता येईल, वाघाचा थकवता येत नाही. विष्णुपंतांनी ही घडी बसवली, ही गोष्ट घोड्यावर उभे राहण्यापेक्षा मोठी आहे असे माझे मत आहे.

या भ्रमंतीत केरळातील तेल्लिचेरी येथे त्यांची गाठ कीलेरी कुञ्ञिकण्णन यांच्याशी पडली. हे गृहस्थ कळरीपयट्टु या युद्धकलेचे आणि व्यायामाचे शिक्षक. मलबारी तरुणांच्या अंगची लवचीकता पाहून विष्णुपंतांनी ओळखले की आपल्या सर्कशीला हवी असलेली माणसे इथे आहेत. कुञ्ञिकण्णन यांनी मुले तयार करावीत आणि छत्र्यांनी त्यांना काम द्यावे, असे ठरले. पुढे १९०१ मध्ये तेल्लिचेरीजवळ कुञ्ञिकण्णन यांची सर्कस-शाळा उभी राहिली, १९०४ मध्ये केरळची पहिली सर्कस निघाली, आणि विसाव्या शतकात भारतीय सर्कस म्हणजे मल्याळी सर्कस असे समीकरणच झाले. कृष्णाकाठी पेटलेला दिवा अरबी समुद्राच्या काठी तेवत राहिला आणि कृष्णाकाठी हळूहळू मंदावला.

मंदावण्याआधी मात्र तो भरपूर उजळला होता. छत्र्यांचे यश पाहून सांगली-मिरज परिसरात सर्कशींचे पीकच आले. म्हैसाळच्या देवलांची सर्कस, कार्लेकरांची सर्कस, शेलारांची, अशी नावे दोन पिढ्यांच्या तोंडी होती. तिकडे बंगालमध्ये प्रियनाथ बोस यांनी १८८७ मध्ये ‘ग्रेट बेंगाल सर्कस’ काढली. आता प्रेक्षकाला निवड करता येऊ लागली, आणि निवड आली की तुलना आली. कार्लेकरांचे झोके सरस की छत्र्यांचे घोडे, देवलांकडे यंदा कोणते नवे जनावर आले, यावर ओट्या-ओट्यांवर खल झाला नसेल असे मानणे कठीण आहे. जाहिरातीतून दरवर्षी काहीतरी नवे, मोठे, अधिक भीषण देणे कंपन्यांना भाग पडले. एका वाघाचे दोन झाले, पिंजऱ्यातला सिंह पिंजऱ्याबाहेर आला.

नव्याची ही ओढ आजच्या उद्यानचालकालाही चुकलेली नाही. उंच झोक्यावर कोट्यवधी रुपये घालावे, तर तीन वर्षांत शेजारच्या राज्यात त्याहून उंच झोका उभा राहतो. आश्चर्य ही वस्तू फार लवकर शिळी होते. शिकवलेला घोडा मात्र दहा वर्षांनी पाहिला तरी शिळा होत नाही, कारण तिथे प्रेक्षक यंत्राला नव्हे, दोन जिवांमधल्या समजुतीला दाद देत असतो. विष्णुपंत स्वतः अखेरपर्यंत घोडेवालेच राहिले, आणि त्यांच्या कंपनीचे नाव टिकले ते याच कारणाने असावे.

हिंस्र जनावरांच्या खेळांबद्दल आज आपले मत बदलले आहे आणि ते बदलणे योग्यच होते. चाबकाच्या धाकाने आगीच्या कड्यातून उडी घेणाऱ्या वाघाचे जिणे कसले असते, हे त्या काळच्या प्रेक्षकाने विचारले नाही. सर्कशींच्या मालकांनीही नाही. पुण्यात १९०२ मध्ये जन्मलेल्या दामू धोत्रे यांनी शेलारांच्या सर्कशीतून सुरुवात करून अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्सच्या विख्यात सर्कशीपर्यंत मजल मारली आणि जनावरांना मारहाणीशिवाय शिकवता येते हे जगाला दाखवले, हा या परंपरेचा उजळ टोकाचा भाग. पण परंपरा केवळ उजळ टोकाने मोजता येत नाही. केंद्र सरकारने १९९८ मध्ये वाघ, सिंह, बिबळे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवर बंदी घातली, ती २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला लावण्यास मनाई केली. एकेकाळी ज्या गोष्टी पाहायला गावे लोटत, त्याच बंद कराव्या लागल्या. विष्णुपंतांच्या चरित्राचा हा पुढला, अप्रिय वाटणारा अध्याय वगळून त्यांचा गौरव करणे सोपे आहे, पण खरे नाही.

आता त्यांच्या दुसऱ्या प्रेमाकडे वळू.

गुरू हद्दू खाँ १८७५ मध्ये निवर्तले. त्यांचे पुत्र रहिमत खाँ असामान्य गळ्याचे धनी होते. वडिलांच्या आणि भावाच्या मृत्यूनंतर त्यांचे मन ठिकाणावर राहिले नाही. अफूचे व्यसन जडले, घर सुटले आणि ग्वाल्हेर घराण्याचा हा वारस बनारसच्या रस्त्यांवर फाटक्या वस्त्रांत भटकू लागला. छत्र्यांची सर्कस बनारसला गेली असताना विष्णुपंतांना तो दिसला. गुरुपुत्राला त्यांनी ओळखले आणि आपल्याबरोबर नेले.

हे वाक्य लिहायला सोपे आहे. त्यामागे काय होते याची कल्पना केली पाहिजे. रहिमत खाँ यांना वेळेचे भान नसे, माणसांचे भान नसे. गायला बसले तर दैवी गात, नाहीतर कोणी राजा समोर असला तरी तोंड उघडत नसत. अफू एकदम तोडता येत नव्हती, ती मोजून द्यावी लागे. अशा माणसाला फिरत्या सर्कशीच्या लवाजम्यात, गावोगाव, वर्षानुवर्षे सांभाळायचे होते. खायला घालायचे, न्हाऊ घालायचे, त्याच्या लहरी सोसायच्या आणि त्याचे गाणे पुन्हा उमलण्याची वाट पाहायची. अंगावर धावून येणाऱ्या घोड्याला न मारता वळण लावणाऱ्याचा हा संयम होता. धर्म वेगळा, जात वेगळी; एकोणिसाव्या शतकातील एक ब्राह्मण हे सारे करीत होता आणि त्याची कुठे जाहिरात करीत नव्हता.

गाणे उमलले. विष्णुपंत त्यांच्या मैफली ठिकठिकाणी करवू लागले. ‘भूगंधर्व’ ही पदवी रहिमत खाँ यांच्या नावामागे लागली. त्यांच्या गळ्यातून निघणाऱ्या स्वराचा परिणाम पुढे किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँ यांच्यावर झाला, आणि अब्दुल करीम खाँ यांच्या द्वारे तो महाराष्ट्राच्या कानांत कायमचा वसला. म्हणजे वाघ-सिंहांच्या खेळाला गर्दी लोटे आणि त्या तिकिटांच्या पैशावर ख्यालगायकीतला एक मोलाचा धागा तुटता तुटता राहिला. सर्कशीला हसणाऱ्या रसिकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दरबार संपत आले होते, संगीत संस्था अजून नीट रुजल्या नव्हत्या. मधल्या त्या पोकळीत एका सर्कसवाल्याने गुरूचे ऋण फेडले.

विष्णुपंत स्वतः उत्तम गात, असे त्यांना ऐकलेल्यांनी सांगून ठेवले आहे. त्यांचा आवाज मात्र आपल्यापर्यंत पोचलेला नाही. आपली विद्या मिरवण्यापेक्षा गुरुपुत्राला ऐकवण्यात त्यांना अधिक धन्यता वाटली असावी.

सर्कशीची सूत्रे पुढे धाकटे बंधू काशिनाथपंत यांच्याकडे गेली आणि १९०५ साली विष्णुपंतांचे निधन झाले. त्यांच्यामागे काशिनाथपंतांनी सर्कसही चालवली आणि रहिमत खाँ यांनाही अंतर दिले नाही. सख्ख्या भावाने लावून घेतलेली जबाबदारी निभावणे वेगळे आणि सतरा वर्षे एका विकल कलावंताला घरच्या माणसासारखे सांभाळणे वेगळे. कुरुंदवाडच्या छत्र्यांच्या वाड्यात खाँसाहेबांचे उर्वरित आयुष्य गेले. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात ग्रामोफोन कंपनीने त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका काढल्या. गळा थकलेला आहे, यंत्र जुने आहे, तीन-चार मिनिटांत ख्याल उरकायची सक्ती आहे. तरीही सूर लागतो तेव्हा कान टवकारतात. १९२२ मध्ये कुरुंदवाड येथेच रहिमत खाँ गेले.

क्यारिनीच्या तंबूचा आज मागमूस नाही. छत्र्यांच्या सर्कशीचा एकही खेळ पाहिलेला माणूस हयात असणे शक्य नाही. रहिमत खाँ यांच्या त्या मुद्रिका मात्र संग्राहकांनी जपल्या, त्यांच्या प्रती झाल्या, आणि आता त्या मोबाइलवरही ऐकायला मिळतात.